टाउनमध्ये एक दिवस: काळा घोडा, फोर्ट आणि कुलाब्यातली चित्रप्रदर्शनं आणि जुन्या इमारती नीट कशा बघायच्या

मुंबई बघायला येणारे बहुतेक लोक गेटवेपाशी फोटो काढतात, ताजकडे बघतात, कुलाब्यात थोडी खरेदी करतात आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून परत जातात. मुंबईत राहणारे तर तेवढंही करत नाहीत, पाहुणे आले की मगच टाउनला, म्हणजे दक्षिण मुंबईत, जाणं होतं. आणि या सगळ्या जागांच्या मधोमध, चालत दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत, देशातली उत्तमोत्तम चित्रं लागलेली असतात, बऱ्याच ठिकाणी फुकट बघता येतात, तरी माणसं दारावरून पुढे निघून जातात. "आपल्याला चित्रातलं काय कळतंय" हे त्यामागचं कारण असतं आणि ते मला अगदी मनापासून खोडून काढायचंय, कारण चित्र बघायला आधी काही कळावं लागत नाही, बघत गेलं की कळायला लागतं. म्हणून हा एक पूर्ण दिवसाचा प्लॅन, सकाळी आठ ते संध्याकाळी सात, सगळं पायी, कुठल्या क्रमाने जायचं, कुठे जास्त वेळ द्यायचा आणि कुठे नुसतं बघून पुढे सटकायचं यासकट.

आधी वार ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण वार चुकला की अर्धा दिवस बंद दारं बघण्यात जातो. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट म्हणजे एनजीएमए सोमवारी बंद असते. कुलाबा आणि फोर्टातल्या खाजगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद, काही सोमवारीही उघडत नाहीत. जहांगीर आर्ट गॅलरीतली प्रदर्शनं सहसा मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, त्यामुळे मंगळवारी सकाळी गेलात तर कुणीतरी शिडीवर चढून चित्र सरळ करतंय, कुणी नावाच्या पट्ट्या चिकटवतंय असं दृश्य दिसतं. ते बघायलाही छान असतं पण प्रदर्शन शांतपणे बघायचं असेल तर बुधवारपासून पुढे जा. रविवारी शिवाय रेल्वेचा मेगाब्लॉक असतो.

या सगळ्याची बेरीज केली की शनिवार उरतो. शनिवारी गॅलऱ्या उघड्या, म्युझियम उघडं, आणि फोर्टातली बरीच ऑफिसं बंद असल्यामुळे फुटपाथवर चालायला जागा असते, सकाळची लोकलही जरा माणसात असते. सुट्टी काढता येत असेल तर बुधवार-गुरुवार त्याहून शांत.

महिन्याचं म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा खाजगी गॅलऱ्या आपली चांगली प्रदर्शनं बाहेर काढतात. काळा घोडा फेस्टिव्हल जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला, नऊ दिवस, १९९९ पासून चालू आहे, पण माझं ऐकाल तर ज्यांना चित्रं बघायची आहेत त्यांनी फेस्टिव्हलच्या शनिवार-रविवारी या भागात जाऊ नये, तेव्हा जत्रा असते आणि जत्रेची मजा वेगळी. पावसाळ्यात यायचं असेल तर खुशाल या, फक्त क्रम उलटा करा, सकाळी दहा-साडेदहापासून आतल्या जागा आणि पाऊस उघडला की इमारती.

आदल्या रात्री दहा मिनिटं काढून एवढंच करा: एनजीएमए, जहांगीर, आणि ज्या दोन-तीन खाजगी गॅलऱ्यांत जायचंय त्यांच्या साइट किंवा इन्स्टाग्राम उघडून सध्या काय लागलंय ते बघा. हे का, तर एनजीएमएमध्ये एक प्रदर्शन उतरून दुसरं लागेपर्यंत मधे काही दिवस बघायला फारसं काही नसतं, खाजगी गॅलऱ्यांचंही तसंच. वेळा आणि तिकिटाचे दरही तिथेच बघून घ्या, ते बदलत असतात.

सकाळी आठ: सीएसएमटी

सेंट्रलने येणारे थेट सीएसएमटीला उतरतील, वेस्टर्नवाल्यांनी चर्चगेटला उतरून सरळ ओव्हल मैदानापासून सुरुवात केली तरी चालेल, सीएसएमटी संध्याकाळी दिव्यांत बघा. मेट्रो ३ आता कफ परेडपर्यंत सुरू झालीय त्यामुळे सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी तिन्ही स्टेशनं याच टापूत आहेत, अंधेरी-बीकेसीकडून येणाऱ्यांना ती सोयीची. गाडी घेऊन येऊ नका, पार्किंग शोधण्यात जीव जातो.

सीएसएमटीतून आपण घाईघाईत बाहेर पडतो म्हणून ती इमारत दिसतच नाही. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला जा आणि तिथून तोंड वर करून पंधरा मिनिटं बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा वास्तुरचनाकार, काम सुरू झालं १८७८ मध्ये, दहा वर्षं चाललं, २००४ पासून ही जागतिक वारसा यादीत आहे, हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. या इमारतीवरचं कोरीवकाम, ते मोर, माकडं, पानंफुलं, जाळ्या, यातलं पुष्कळसं काम जवळच असलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय. म्हणजे आज दिवसभर आपण ज्या परंपरेतली चित्रं बघणार आहोत तिची सुरुवात इथे दगडात आहे. जे. जे. १८५७ ची, पुढे धुरंधर, गायतोंडे, रझा अशी चित्रकार मंडळी तिथून शिकून गेली. गेटच्या दोन खांबांवर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ आहे, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. लोकलचं तिकीट काढायचा जो हॉल आहे तिथेही एकदा मान वर करा, छतावर तारे काढलेत म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात, रोज हजारो लोक त्याखाली रांगेत उभे असतात आणि सगळ्यांची नजर खिडकीकडे.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. हे नाव लक्षात ठेवा, संध्याकाळी परत लागणार आहे.

नाश्ता इथेच उरकून घ्या, स्टेशनसमोर पंचम पुरीवाला आहे, पुरीभाजी पोटभर होते आणि पुढे एक-दीड वाजेपर्यंत काही लागत नाही. रिकाम्या पोटी म्युझियम बघू नका, दुसऱ्या दालनातच चिडचिड सुरू होते.

साडेआठ ते दहा: डी. एन. रोडवरून ओव्हलपर्यंत

दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालायला लागा. हा रस्ता उन्हाळ्यातही चालता येतो कारण इमारतींच्या खालून कमानींचा सलग पॅसेज आहे, तो असा मुद्दाम सगळ्यांना बांधायला लावला होता, सावली आणि पावसापासून आडोसा म्हणून. पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ चा, हा आधी भायखळ्याच्या बागेत बसवायचं ठरलं होतं. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. फोटोसाठी लोक कारंज्याकडे वळतात, स्मारकापाशी पण दोन मिनिटं थांबा, आज आपण मराठीत मुंबईबद्दल हे लिहितोय-वाचतोय ते त्या माणसांमुळे.

इथून उजवीकडे वीर नरिमन रोडने ओव्हल मैदानाकडे. आणि आता सकाळच्या भागातली सगळ्यात भारी जागा. ओव्हलच्या मधून जी पायवाट जाते तिच्या मध्यावर उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठाचं ग्रंथालय, राजाबाई टॉवर, दीक्षांत सभागृह, म्हणजे १८७० च्या दशकातलं सगळं टोकदार, उंच, दगडी. मग गर्रकन मागे वळा, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलाकार कोपऱ्यांच्या, फिक्या रंगांच्या, जहाजासारख्या. मधे साठ वर्षं आणि एक क्रिकेटचं मैदान. हे दोन्ही मिळून ९४ इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

राजाबाई टॉवर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने काढलेला, तो स्वतः त्यासाठी मुंबईत आलाच नाही, लंडनहून ड्रॉइंग पाठवली. पैसे दिले कापसाच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी, अट एकच, टॉवरला आईचं नाव. आत सहसा सोडत नाहीत, बाहेरूनच.

डेको इमारतींजवळ मात्र जा, फुटपाथवरून निवांत चालत जा. काय बघायचं ते सांगते. खिडक्यांवर भुवयांसारखे बाहेर आलेले छज्जे, ते ऊन-पावसासाठी. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये लाटा, उगवता सूर्य, थिजलेलं कारंजं असे आकार. जिन्याच्या गोल खिडक्या बोटीच्या खिडक्यांसारख्या. आणि इमारतींच्या नावांची अक्षरं, प्रत्येकीची वेगळी, कोर्ट व्ह्यू, एम्प्रेस कोर्ट, रज्जब महल. यात लोक राहतात त्यामुळे गेटच्या आत घुसून लॉबीचे फोटो काढू नका, वॉचमनला विचारलं तर कधी कधी तो स्वतःच आत बोलावतो. टोकाला इरॉस थिएटर, १९३८ चं.

सव्वादहा ते साडेबारा: म्युझियम

ओव्हलच्या दक्षिण टोकाने बाहेर पडून मॅडम कामा रोडने डावीकडे चालत आलात की रीगल थिएटरचा चौक येतो आणि समोर झाडांमागे तो घुमट. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुने लोक अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात, टॅक्सीवाल्याला नुसतं म्युझियम सांगितलं तरी पुरतं. पायाभरणी १९०५, बांधून झालं १९१४ ला, पण पहिलं महायुद्ध लागलं आणि इथे लष्करी हॉस्पिटल झालं, लोकांसाठी उघडलं थेट १९२२ ला. जॉर्ज विटेट याची रचना. कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड, घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून.

आता स्पष्ट सांगते, हे म्युझियम दोन तासांत पूर्ण बघून होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. प्रत्येक काचेपुढे अर्धा मिनिट थांबत सगळं उरकणारे लोक बाराच्या सुमारास बाकावर डोकं धरून बसलेले दिसतात. चार गोष्टी ठरवून जा आणि त्याच नीट बघा.

एक, खालची शिल्पं, इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. एलिफंटाच्या मूर्ती आहेत आणि सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत, दीड हजार वर्षं जुन्या. माती आहे हे लक्षात ठेवून बघा, चेहऱ्यावर इतकी कोवळीक दगडात येणार नाही. मूर्तीच्या समोर उभं राहून झालं की बाजूला जा, कडेने बघा, खांदे आणि पोटाची गोलाई कडेनेच कळते.

दोन, लघुचित्रं. ही छोटी असतात आणि उजेड कमी ठेवलेला असतो कारण जास्त प्रकाशाने रंग उडतात, त्यामुळे डोळे सरावायला एक-दोन मिनिटं लागतात, आल्या आल्या कंटाळून निघू नका. एकच चित्र निवडा आणि त्यातली सगळी माणसं मोजा, कोण कोणाकडे बघतंय ते बघा, झाडाचं एकेक पान वेगळं रंगवलेलं असतं. अशी तीन चित्रं बघितलीत तरी पुष्कळ.

तीन, मधल्या हॉलमध्ये उभं राहून वर बघणं. तिथलं लाकडी नक्षीकाम नाशिकच्या एका वाड्यातलं आहे, विटेटने ते विकत घेऊन इथे बसवलं.

चार, आणि हे बहुतेक लोकांकडून राहून जातं, पूर्वेकडच्या विंगमधली जहांगीर निकल्सन गॅलरी. निकल्सन हे मुंबईचे संग्राहक, त्यांनी गोळा केलेली आधुनिक भारतीय चित्रं इथे आळीपाळीने लावतात, हुसेन, रझा, गायतोंडे सगळे त्यांच्या संग्रहात आहेत. प्राचीन मूर्ती बघून लगेच इथे येणं मला फार आवडतं, दीड हजार वर्षं एका जिन्यात पार होतात.

मराठी ऑडिओ गाइडची तिकीट खिडकीवर चौकशी करा. मोठी बॅग आणू नका, जमा करावी लागते. मुलं बरोबर असतील तर आवारातच वेगळं मुलांचं म्युझियम आहे, तिथे मुलं रमतात आणि आईबाबांनी आळीपाळीने मोठ्या इमारतीत चक्कर मारावी. स्वच्छतागृह इथलं वापरून घ्या, पुढे फिरताना शोधावं लागतं. आवारात बाकही आहेत.

जेवण

साडेबारा-पाऊणला निघा, एकनंतर फोर्टातली सगळी हॉटेलं ऑफिसच्या लोकांनी भरतात, शनिवारी जरा कमी. इराणी-पारशी जेवण हवं तर बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, बेरी पुलाव, पण ते लांब पडतं आणि दुपारपुरतंच असतं. पोट फार भरू नका हे सांगावंसं वाटतं, पुढचे तीन तास डोळ्यांचं काम आहे आणि जड जेवणानंतर चित्रासमोर पेंग येते. एखादं उडपी, थाळीऐवजी डोसा-ताक, एवढं बरं.

जेवून परत येताना एम. जी. रोडवरची काळा घोडा बाजूची रांग बघत या. डेव्हिड ससून लायब्ररी, १८७० ची, पिवळ्या दगडाची. तिच्या रांगेतच एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, सगळा सांगाडा ओतीव लोखंडाचा, इंग्लंडमध्ये तयार करून बोटीने आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला भारतात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो या इमारतीत, ल्युमिए बंधूंचा. आज तिची अवस्था बघवत नाही, रिकामी आणि मोडकळीला आलेली, पण बघा, कारण अशा इमारती किती दिवस उभ्या राहतील सांगता येत नाही. काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा आता भायखळ्याला राणीच्या बागेजवळ आहे, इथे चौकात आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, बिनस्वाराचा घोडा.

आतल्या गल्लीत निळं-पांढरं सिनेगॉग आहे, केनेसेथ एलियाहू, १८८४ चं. शनिवारी त्यांचा पवित्र दिवस असतो त्यामुळे बाहेरूनच बघा, इतर वारी ओळखपत्र जवळ ठेवा.

दोन ते चार: जहांगीर आणि एनजीएमए

जहांगीर १९५२ ची. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या आठवणीसाठी देणगी दिली, चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी पाठपुरावा केला. त्याच्या आधी तरुण चित्रकारांना मुंबईत चित्रं लावायला धड जागा नव्हती. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाक्रे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, त्यांचं १९४९ चं प्रदर्शन इथेच रॅम्पार्ट रोवर भरलं होतं, म्हणजे जहांगीरच्या शेजारून जो रस्ता जातो तोच. आरा एकेकाळी लोकांच्या घरी नोकर होते, गाड्या धुवायचे, हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. "चित्रकला ही मोठ्या लोकांची गोष्ट" असं कुणी म्हटलं की मला ही दोन माणसं आठवतात.

आत जायला तिकीट नाही, नाव विचारत नाहीत, चप्पल बघत नाहीत. सकाळी ११ ते संध्याकाळी ७. खाली हॉल आहेत, वर हिरजी जहांगीर गॅलरी, तिच्याही वर टेरेस, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चित्रकाराचं प्रदर्शन. खालचंच बघून बाहेर पडणारे पुष्कळ, वर जा, नवीन मंडळींचं काम बऱ्याचदा वरच असतं.

इथे चित्र बघायची माझी पद्धत सांगते. हॉलमध्ये शिरल्यावर कुठलंही चित्र न निवडता एक पूर्ण फेरी मारा, भराभर, दोन मिनिटांत. मग डोळे बंद करून आठवा कुठलं चित्र लक्षात राहिलं. त्याच्यापाशी परत जा आणि तीन मिनिटं थांबा, घड्याळ लावून थांबा हवं तर, पहिला मिनिट मोठा वाटतो, दुसऱ्यात काहीतरी दिसायला लागतं जे आधी दिसलं नव्हतं. आधी लांबून, मग हातभर अंतरावर जाऊन रंग कसा चढवलाय ते, ब्रशने का सुरीने का बोटाने, मग परत लांबून. शेजारची पट्टी सगळ्यात शेवटी वाचा. नाव आधी वाचलं की आपण चित्रात ते नाव शोधत बसतो आणि बघणं राहतं. अमूर्त चित्रापुढे गोंधळायला झालं तर हे काय आहे हा प्रश्न बाजूला ठेवून नजर कुठून कुठे जातेय एवढंच बघा, कुठे अडकते, कुठला रंग पुढे येतो, कुठला मागे सरतो. शास्त्रीय गाणं ऐकताना आपण तानेचा अर्थ विचारत नाही ना, तसंच.

चित्रकार स्वतः बहुतेक वेळा तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. बोला त्याच्याशी. आठवडाभर तो याच गोष्टीची वाट बघत असतो आणि लोक लाजून निघून जातात. "याचा अर्थ काय" विचारू नका, त्यावर त्यालाही काय बोलावं सुचत नाही. "हा थर कसा आणलात", "हे किती दिवस चाललं होतं", "यातलं शेवटचं कुठलं" असं विचारा, मग तो उठून चित्रापाशी येऊन बोलायला लागतो आणि ती दहा मिनिटं दिवसभराची सगळ्यात चांगली ठरू शकतात. निघताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी मराठीत लिहा. फोटो काढायचा तर विचारून, फ्लॅश कधीच नाही, आणि चित्रापुढे पाठ करून सेल्फी घेताना खांद्याची बॅग कॅनव्हासला घासते ते सांभाळा. चित्राजवळ लाल ठिपका दिसला तर ते विकलं गेलंय.

बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात, कोणी पोर्ट्रेट काढून देतं. मुलांना तिथे बसवा, समोर बसून आपला चेहरा कागदावर येताना बघणं मुलांना फार आवडतं. भाव आधी ठरवा आणि मग फार घासाघीस करू नका.

इथून रस्ता ओलांडून रीगलच्या बाजूला एनजीएमए, तिकीट नाममात्र. ही इमारत १९११ चा कावसजी जहांगीर हॉल, इथे सभा आणि मैफिली व्हायच्या, १९९६ मध्ये गॅलरी झाली. बाहेरचं कवच जुनं आणि आत अर्धगोल जिने चढत चढत मजले, सगळ्यात वर घुमटाखालची गोल खोली. बरेच लोक दुसऱ्या मजल्यापर्यंत दमून परत फिरतात. तुम्ही घुमटापर्यंत जा, प्रदर्शन लावणारे कधी कधी खास काहीतरी तिथे ठेवतात आणि तिथून खाली बघताना पूर्ण इमारत उलगडते. गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर वर कसं जायचं ते काउंटरवर आधी विचारून घ्या. पाऊण तास पुरे.

चार ते साडेपाच: खाजगी गॅलऱ्या

हा भाग लोक पूर्ण टाळतात आणि म्हणूनच मी यावर जोर देते. जुन्या इमारतीचा अंधारा जिना, बंद दार, बेल, आत पांढऱ्या भिंती आणि टेबलामागे एक माणूस लॅपटॉपवर. वाटतं की इथे विकत घेणारेच येतात. तसं नाहीये. बेल वाजवा, बघायला आलोय म्हणा, आत जा. पैसे नाहीत, कुणी मागे मागे फिरत नाही. प्रदर्शनाबद्दलचा छापील कागद मागितला की देतात, किमतीची यादीही मागता येते, नुसतं कुतूहल म्हणून मागितली तरी.

सगळ्या करू नका, दोन निवडा. फोर्टात केमोल्ड प्रेस्कॉट रोड नावाची गॅलरी आहे, केकू आणि खोर्शेद गांधी यांनी फ्रेम बनवण्याच्या धंद्यातून १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू केलेली, २००७ ला इथे आली, जागा मोठी आणि प्रदर्शनं दमदार. पण ती उत्तरेला, सीएसएमटीच्या बाजूला पडते, तिला जायचं तर सकाळच्या डी. एन. रोडच्या वेळी उघडलेली नसते म्हणून परतीच्या वाटेवर ठेवा, बंद व्हायची वेळ बघून. कुलाब्यात ताजच्या मागच्या मेरीवेदर रोडवर झवेरी कंटेम्पररी आणि एक्सपेरिमेंटर, थोडं पुढे आर्थर बंदर रोडवर चॅटर्जी अँड लाल. मी असेन तर मेरीवेदर रोडच्या दोन्ही, कारण मधे दोन मिनिटांचं अंतर आणि पुढे गेटवे समोर. इथलं काम जहांगीरपेक्षा वेगळं असतं, व्हिडिओ असेल, कापड असेल, नुसत्या वस्तू मांडलेल्या असतील. नाही आवडलं तर नाही आवडलं, पाच मिनिटांत थँक्यू म्हणून बाहेर या, त्यात वावगं काही नाही.

एखादं काम फारच आवडलं आणि घ्यावंसं वाटलं तर लगेच घाबरू नका आणि लगेच घेऊही नका. मूळ चित्राऐवजी एचिंग, लिथोग्राफ असे छापे कमी किमतीत मिळतात, त्यावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा आणि सही असते, ५/२५ म्हणजे पंचवीस प्रतींमधली पाचवी. विद्यार्थ्यांचं काम घ्यायचं तर जे. जे. च्या वार्षिक प्रदर्शनाची वेळ विचारून ठेवा.

साडेपाच ते सात: रीगल, गेटवे आणि घरी

रीगल थिएटर १९३३ चं, आर्ट डेको, आणि ते केलंय चार्ल्स स्टीव्हन्सने, म्हणजे सकाळच्या सीएसएमटीवाल्या स्टीव्हन्सच्या मुलाने. वडिलांनी मोर-माकडं कोरलेलं स्टेशन बांधलं आणि मुलाने गुळगुळीत भिंतींचं सिनेमाघर. दिवसभर ओव्हलवर जे दोन काळ समोरासमोर बघितले ते एकाच घरातले बापलेक निघाले, मला ही गोष्ट कळली तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत सुटते.

गेटवे तर माहितीच आहे, १९११ मध्ये पंचम जॉर्ज इथे उतरला त्याच्या आठवणीसाठी, पूर्ण झालं १९२४ ला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण इथूनच निघून गेली. रचना परत जॉर्ज विटेटचीच. म्युझियम, एनजीएमएचा हॉल आणि गेटवे, तिन्ही एका माणसाचे, दहा मिनिटांच्या चालीत. गेटवेच्या कमानीवरची जाळी बघा, गुजरातच्या पद्धतीची आहे, सकाळी म्युझियमच्या खिडक्या आणि घुमट नीट बघितले असतील तर तोच हात लगेच ओळखू येतो. संध्याकाळी सुरक्षा तपासणीची रांग असते, बॅग लहान असली की सुटता.

चहा कुलाबा कॉजवेच्या आतल्या गल्लीत प्या, गेटवेसमोर नको, महाग आणि पाणचट. इथून चर्चगेट किंवा सीएसएमटीला बेस्टची बस मिळते, वयस्कर माणसं असतील तर टॅक्सीच करा, एवढं चालून झाल्यावर लोकलचे जिने जड जातात. शनिवारी सातच्या आत निघालात तर कल्याण-विरारकडे बसायला जागा मिळायची बरी शक्यता असते. हुतात्मा चौकातून मेट्रो पकडणाऱ्यांना गर्दीची एवढी चिंता नाही, त्यांनी वाटेत केमोल्डकडे वळायचं तर वळावं.

सामानाचं थोडक्यात: रबरी तळाचे बूट, कारण म्युझियमच्या फरशीवर कडक तळाचा आवाज सगळ्या दालनात घुमतो आणि पायही लवकर दुखतात. पाण्याची बाटली, पातळ ओढणी किंवा जॅकेट कारण गॅलऱ्यांतला एसी अंगावर येतो, पॉवर बँक, आणि एक छोटी वही. वहीत दिवसभरातल्या तीन चित्रांची नावं आणि चित्रकारांची नावं लिहा, फोनमधल्या दोनशे फोटोंपेक्षा ती तीन नावं उपयोगी पडतात, कारण घरी येऊन ती शोधता येतात आणि त्या चित्रकाराचं पुढचं प्रदर्शन कुठे आहे ते कळतं. ज्याची दोन कामं आवडली त्याला जहांगीरच्या वहीत आपला नंबर किंवा मेल लिहून ठेवा, पुढच्या प्रदर्शनाचं आमंत्रण येतं, उद्घाटनाला जाता येतं, तेही फुकटच असतं आणि चहा मिळतो.